टोमॅटो आणि भरिताचा गर बाटलीत बंद करायचा आहे, काय चालतं आणि काय नाही?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. टोमॅटोचे भाव पडलेत, त्यामुळे घरात एक कॅरेट येऊन पडलंय, साधारण 22 किलो. शिवाय बामणोदकडची भरिताची वांगी 10 किलो. दोन्हींचं काहीतरी टिकाऊ करायचं आहे. लोणचं, पापड, कुरडया, बिबड्या हे सगळं येतं. काचेच्या बाटलीत भरून हवाबंद करायचं तंत्र मात्र माहीत नाही. व्हिडिओ पाहिले तर प्रत्येकात वेगळंच. कुणी 10 मिनिटं उकळा म्हणतं, कुणी तासभर, कुणी म्हणतं उकळायची गरजच नाही.

टोमॅटोचा गर फ्रीजबाहेर पावसाळ्यापर्यंत टिकवायचा तर नेमकं काय काय करावं लागतं? वांगी काड्यांवर भाजून, सोलून तो गर तसाच बाटलीत भरता येईल का, म्हणजे मे महिन्यात पाहुणे आले की फक्त फोडणी द्यायची? आणि घरातल्या 5 लिटरच्या कुकरमध्ये बाटल्या ठेवल्या तर चालेल का?

तापीचं_पाणी

ताई, टोमॅटो होईल. वांग्याचा गर बाटलीत भरून बाहेर ठेवायचा नाही, कितीही उकळला तरी नाही. आधी कारण सांगतो, मग कृती.

माती परीक्षणाच्या कार्डावर सामू लिहिलेला असतो ना, तोच इथे कामाचा. सामू जितका कमी तितका पदार्थ आंबट. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू 100 अंशाच्या पाण्यात मरत नाहीत. हवा नाही, ओल आहे, आंबटपणा नाही आणि घरातलं नेहमीचं तापमान, अशी जागा मिळाली की ते रुजतात आणि विष तयार करतात. हवाबंद बाटली म्हणजे नेमकी तीच जागा. सामू 4.6 किंवा त्याखाली असेल तर मात्र त्यांची वाढ होत नाही. म्हणून आंबट पदार्थाला उकळतं पाणी पुरतं, आणि आंबट नसलेल्याला दाबाखालची 116 ते 121 अंशांची वाफ लागते. वांग्याचा सामू 5.5 ते 6.5, म्हणजे सरळ धोक्याच्या बाजूला. टोमॅटोचा 4.3 ते 4.9, म्हणजे अगदी काठावर. संकरित वाण, फार पिकलेलं फळ, वाळलेल्या झाडावरून तोडलेलं फळ, यांत आंबटपणा कमी भरतो. म्हणून टोमॅटो कितीही आंबट लागला तरी प्रत्येक बाटलीत आम्ल मोजून घालायचंच.

किती घालायचं? 500 मिलीच्या बाटलीला सव्वा ते दीड ग्रॅम सायट्रिक अॅसिड. मापाचा 5 मिलीचा चमचा असेल तर सपाट पाव चमचा. किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मागा, 50 ग्रॅमच्या पुडीत तुमच्या सगळ्या बाटल्या होतील. ताज्या कागदी लिंबाचा रस यासाठी वापरू नका. लिंबू चांगलंच आहे, पण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा, आणि इथे अंदाज चालत नाही. आम्ल पातेल्यात एकदम न घालता रिकाम्या बाटलीत आधी घालायचं, म्हणजे एखादी बाटली सुटत नाही. चव आंबट वाटली तर वापरताना चिमूटभर साखर घाला. मीठ घातलंत तर चवीपुरतं, इथे टिकवण्याचं काम ते करत नाही.

आता कृती. टोमॅटो निवडताना नुसता मऊ पडलेला चालेल, पण बुरशीचा काळा-पांढरा डाग असलेला पूर्ण काढून टाका. डाग कापून बाकीचा वापरू नका, कारण बुरशी आंबटपणा खाते आणि सामू वर जातो. उकळत्या पाण्यात 30 ते 60 सेकंद, लगेच गार पाण्यात, साल सुटते. देठाकडचा कडक भाग काढून चार फोडी करा.

सगळे टोमॅटो चिरून परातीत ढीग घालून ठेवू नका. चिरल्याबरोबर त्यातलं विकर (एन्झाइम) पेक्टिन, म्हणजे गर घट्ट धरणारा घटक, तोडायला लागतं, आणि मग बाटलीत खाली पाणी, वर गर असे दोन थर होतात. एकूण फोडींतला साधारण सहावा हिस्सा जाड बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर घ्या, लाकडी रवीने ठेचत उकळी आणा. मग बाकीच्या थोड्या थोड्या घाला, त्या ठेचायची गरज नाही. सगळ्या पडल्या की 5 मिनिटं मंद उकळू द्या. कांदा, लसूण, मिरची, बेसन, तेल काहीही घालायचं नाही. कांदा-लसूण आंबटपणा कमी करतात आणि दाटपणा आला की उष्णता बाटलीच्या मध्यापर्यंत वेळेत पोचत नाही. मसाला वापरताना.

बाटल्या गरम पाण्यात ठेवून गरमच भरायच्या, गार बाटलीत उकळता गर ओतला की बुडाला चिरते. वर दीड सेंटीमीटरला थोडी कमी, म्हणजे अर्धा इंच जागा सोडा. लाकडी काडी आतल्या कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढा. काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा, एक बी चिकटली तरी सील बसत नाही. झाकण बोटांच्या टोकांनी आवळेल इतकंच लावा. जोर लावून पिळलं तर आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, झाकण वाकतं.

खोल पातेल्याच्या तळाला जाळी किंवा जाड दुपट्टा, त्यावर बाटल्या एकमेकींना न चिकटता उभ्या, झाकणांच्या वर किमान एक इंच पाणी. पातेल्यावर झाकण. पाणी खळखळून उकळायला लागलं की घड्याळ लावायचं, त्याआधी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तपासलेल्या वेळापत्रकात ठेचलेल्या टोमॅटोच्या 473 मिलीच्या बाटलीला 35 मिनिटं आणि 946 मिलीच्या बाटलीला 45 मिनिटं दिली आहेत. आपल्याकडची 500 मिलीची बाटली पहिल्या मापापेक्षा मोठी, म्हणून 45 मिनिटंच धरा. पूर्ण लिटरची बाटली दुसऱ्या मापाच्याही पुढे जाते, ती घेऊच नका. ही वेळ समुद्रसपाटीपासून 300 मीटरपर्यंतची आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार सगळी त्याच्या आत बसतात. कुणी तोरणमाळला करत असेल तर तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं, 10 मिनिटं वाढवायची. मध्येच उकळी थांबली तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.

वेळ झाली की गॅस बंद, झाकण काढून 5 मिनिटं थांबा. बाटल्या उभ्याच उचलून कापडावर ठेवा, पंख्याखाली नाही. 12 ते 24 तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य दाबून बघा. आत ओढलेला आणि दाबला तरी न हलणारा असेल तर सील बसलं. टक टक वर-खाली होत असेल तर ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून 3-4 दिवसांत संपवा.

22 किलोतून निवड-साल जाऊन तीसेक बाटल्या होतील. एका पातेल्यात 6-7 बसतात, म्हणजे पाच घाण्या (एका वेळी उकळायच्या बाटल्या म्हणजे एक घाणी). एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका, दोन दिवस करा आणि दुसऱ्या दिवसाचे टोमॅटो अख्खेच ठेवा.

भरीत_पार्टी

एवढं सगळं कशाला? टोमॅटो आटवून सॉस करायचा, उकळता असताना बाटलीत भरायचा, झाकण लावून उलटी ठेवायची. पोकळी तयार होऊन झाकण आत ओढलं जातं. कितीतरी घरांत हेच करतात.

तापीचं_पाणी

भाऊ, झाकण ओढलं जाणं आणि आतलं अन्न सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरताना गर 90 अंशांवर असला तरी काठाला, झाकणाला आणि वरच्या पोकळीला ती उष्णता पुरेसा वेळ मिळत नाही. बुरशीचे कण तिथेच राहतात. बुरशी वाढली की आंबटपणा कमी होतो, आणि मग बोट्युलिनमला दरवाजा उघडतो. उलटं ठेवल्याने गरम गर काठातून झिरपून सील कच्चं राहण्याचीही भीती. तुम्ही म्हणता तो सॉस, म्हणजे व्हिनेगर, साखर, मीठ घालून आटवलेला केचप, बराच आंबट आणि कमी पाण्याचा असतो, म्हणून तो इतका लवकर बिघडत नाही. तोच हिशेब साध्या टोमॅटोच्या गराला लावता येत नाही. केचप असला तरी उकळत्या पाण्यातून काढायचाच.

गिरणाकाठ

खूप सविस्तर सांगितलंत, धन्यवाद. कुकरचं राहिलं. आणि बाटल्या जॅमच्या, लोणच्याच्या जुन्या आहेत, पिळायच्या झाकणाच्या. त्या चालतील? हिरव्या मिरचीचा ठेचाही भरून ठेवावा असं मनात होतं.

तापीचं_पाणी

कुकर: नाही. आपल्या कुकरची शिट्टी साधारण 1 किलो दाबाची असते, म्हणजे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं हे खरं. पण कमी आंबट पदार्थांच्या वेळा मोठ्या, जाड भांड्यासाठी तपासलेल्या आहेत. ते भांडं सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. तो तापण्या-निवण्याचा काळही जंतू मारण्यात धरलेला असतो. 5 लिटरचा कुकर झटकन तापतो, झटकन उतरतो, शिवाय त्यावर दाब दाखवणारा काटा नसतो. किती शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं, याचं उत्तर कुणीही छातीठोक देऊ शकणार नाही. आणि वांग्यासारख्या दाट गराला तर मोठं कॅनिंगचं (दाबाखाली बाटल्या हवाबंद करायचं) भांडं असलं तरी भरवशाची वेळ दिलेली नाही, कारण दर खेपेला दाटपणा बदलतो आणि मध्यापर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळही.

झाकणं: जुनी बाटली चालते, काठावर टवका उडालेला नको, नखाने फिरवून बघा. जुनं झाकण चालत नाही. आत जे रबरासारखं अस्तर असतं ते पहिल्या वेळी दाबलं जाऊन त्यावर खाच पडते, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. त्याच मापाची नवी झाकणं बाटल्यांच्या घाऊक दुकानात मिळतात, झाकण सोबत नेऊन माप जुळवा. पहिल्यांदाच करताय तर चपटं झाकण आणि वेगळं कडं अशा दोन भागांच्या बाटल्या घ्या, सील बसलं की नाही ते त्यात स्पष्ट कळतं. कडं पुन्हा पुन्हा वापरता येतं, चपटं झाकण दर वेळी नवं.

ठेचा: मिरची, लसूण, तेल, तिघांतही आंबटपणा नाही. वर तेलाचा थर सोडला की टिकतो असं समजतात, पण तेल हवा अडवतं म्हणजे त्या जिवाणूला सोयच करून देतं. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं तर सगळ्यात वाईट. ठेचा फ्रीजमध्ये 4 दिवस, त्यापुढे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. वर लिंबू पिळलं म्हणून बाहेर ठेवू नका. शेवभाजीचा तयार रस्साही असाच, गोठवायचा.

सातपुडा_पायथा

भरिताचं मी सांगते. ताई, बाटली विसरा, गोठवा. वांगी नेहमीसारखी कपाशीच्या काड्यांवर भाजा. धुराचा वास गोठवल्यावरही बऱ्यापैकी राहतो, गॅसवर भाजलेल्याचा मात्र सपक होतो. भाजण्यापूर्वी दोन-तीन टोचे मारा. साल काढल्यावर गर चाळणीत 20-30 मिनिटं निथळू द्या. हे टाळलं तर सुटल्यावर भरीत पाणचट होतं, कारण गोठताना पाण्याचे खडे पेशी फोडतात आणि सगळं पाणी बाहेर येतं. बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचायचं ते आता नको, सुटल्यावर. 1 किलो गराला 1 चमचा लिंबाचा रस घातला तर रंग फार काळा पडत नाही. इथे लिंबू रंगासाठीच आहे.

मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे काहीही आधी घालू नका. कच्चा लसूण गोठवून कडवट होतो, पातीचा चोथा होतो. पूर्ण निवल्यावर अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या भरा, हवा काढा, हाताने दाबून दोन बोटं जाडीच्या सपाट वड्या करा. गोळा करून ठेवला तर मधला भाग गोठायला फार वेळ लागतो, आणि सुटायलाही. उणे 18 अंशांच्या वेगळ्या फ्रीजरमध्ये चव 8-10 महिने चांगली राहते. साध्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथे 2 महिने धरा. पिशवीवर तारीख लिहा.

वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला असेल तर माल 48 तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला असेल तर 24 तास. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, आपल्याकडे उन्हाळ्यात उपयोगी पडतात. गर सुटतो तो फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून, ओट्यावर नाही.

10 किलो वांग्यांचा साधारण 6-7 किलो गर निघेल, त्या हिशेबाने जागा बघा. जागा नसेल तर वाळवणाकडे वळा.

बिबडी

वाळवणाबद्दल. आपल्या खानदेशात हवा कोरडी आणि ऊन कडक, त्यामुळे कोकणातल्या माणसाला जे यंत्राशिवाय जमत नाही ते आपल्याला माडीवर जमतं. तरी जानेवारीचं ऊन पुरत नाही. दिवसाचं तापमान 30 च्या वर गेलं की सुरू करा, फेब्रुवारी अखेर ते एप्रिल सगळ्यात चांगलं.

टोमॅटोच्या अर्धा सेंटीमीटर जाड चकत्या, किलोला 20 ग्रॅम मीठ लावून तासभर चाळणीत. सुटलेलं पाणी वरणात वापरा. चकत्या जाळीवर पसरा, खालून हवा लागली पाहिजे. पत्र्यावर टाकू नका, टोमॅटोचं आम्ल जस्ताला लागतं. वर पातळ सुती कापड. रात्री आत घ्या, नाहीतर दव पडून दिवसभराचं काम वाया. 2 ते 4 दिवसांत चामड्यासारखी झाली, मोडून दाबली तरी ओल दिसली नाही, की झालं. 20 किलोतून सव्वा किलोच्या आसपास उरते, कारण टोमॅटोत 94 टक्के पाणीच असतं.

वांग्याच्या काचऱ्या 1 सेंटीमीटर जाड, चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात, मग साडेतीन मिनिटं वाफवून मगच उन्हात. वाफवलं नाही तर विकरं चालूच राहतात, काचऱ्या काळ्या आणि चिवट होतात आणि दोन महिन्यांत गवतासारखा वास येतो. काचऱ्या कडकडीत झाल्या पाहिजेत, टोमॅटोसारख्या चामडी नाहीत. हे भरीत होणार नाही, त्याची पातळ भाजी किंवा डाळीत घालायची.

वाळल्यावर थेट डब्यात कोंबायची घाई सगळा माल घालवते. काही तुकडे जास्त वाळलेले, काही कमी. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, आठवडाभर रोज हलवा. बरणीच्या आत बाष्प दिसलं की सगळा माल पुन्हा उन्हात. नंतर 48 तास फ्रीजरमध्ये ठेवून काढा, माशा-किड्यांची अंडी मरतात. उघड्यावर वाळवलेल्या मिरचीलाही हेच करावं, नंदुरबारकडची पथारीवरची असो की घरची. मिरची मध्येच भिजली आणि आतून बुरशी आली तर ती निवडून वापरू नका, बुरशीचं विष कुटून-भाजून जात नाही.

सातपुडा_पायथा

एक भर. बऱ्याच जणी टोमॅटोचं जमलं की तसंच बाकी फळांचं करायला जातात. केळ्याचा सामू 4.5 ते 5.2, पपईचा त्याहून वर, सीताफळही आंबट नाही. यांचा नुसता गर टोमॅटोच्या पद्धतीने बाटलीत भरू नका. केळ्याचे वेफर्स किंवा वाळवलेले काप, पपईचा जॅम मोजलेलं आम्ल घालून, आणि सीताफळाचा गर फक्त गोठवून, तापवला की तो कडवट होतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आमरसाचंही गोठवणंच बरं. पिकलेल्या आंब्याचा सामू काही वाणांत 4.6 च्या वर जातो, आणि उकळलेल्या रसाला ताज्याचा वास राहत नाही. कैरी, आवळा, चिंच मात्र बिनधास्त आंबट आहेत, सराव करायचा तर तिथून सुरू करा.

गिरणाकाठ

ठरलं मग. टोमॅटो निम्मे बाटलीत, निम्मे मार्चमध्ये आणखी घेऊन वाळवणात, वांगी गोठवून. शेवटची शंका. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भट्टी होते. बाटल्या ठेवायच्या कुठे? आणि बिघडलेली बाटली ओळखायची कशी?

तापीचं_पाणी

पत्र्याची खोली, माडी, गॅसच्या वरचं फडताळ, तिन्ही नको. 35 अंशांच्या वर माल लवकर उतरतो, रंग तपकिरी होतो आणि झाकणाचं अस्तर मऊ पडून सील सुटतं. धाब्याचं घर असेल तर त्यातली आतली अंधारी खोली उत्तम, नाहीतर खालच्या मजल्यावर उत्तरेकडच्या भिंतीला, पोत्याने झाकून. कडं काढून ठेवा. ते लावलेलं राहिलं तर सुटलेलं झाकणही जागच्या जागी दिसतं, आणि कडं गंजतं ते वेगळंच. बाटल्या एकावर एक रचू नका. बोअरच्या जड पाण्यामुळे काचेवर पांढरा थर येईल, तो बिघाड नाही. उकळताना पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घातलं की येत नाही.

आपल्या उन्हाळ्याचा विचार करता वर्षाची वाट न बघता 6-8 महिन्यांत संपवा. पंधरा दिवसांनी एकदा सगळ्या झाकणांवरून बोट फिरवा. झाकण फुगलं, काठाला ओघळ दिसला, उघडताना गर उसळला, फेस आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर वास घ्यायला, चाखायला जाऊ नका, आणि वरचा थर काढून बाकीचं वापरू नका. पण झाकण आणि वास ठीक आहेत म्हणजे आम्ल घालायचं राहिलेली बाटलीही ठीक, असं समजू नका, बोट्युलिनमचं विष असलं तरी पदार्थ दिसायला आणि वासाला चांगला असू शकतो. शंकेची बाटली म्हशीला, कुत्र्याला घालू नका, उकिरड्यावरही उघडी टाकू नका. जाड पिशवीत बांधून खोल पुरा, आणि हात, ओटा, फडकं ब्लीचच्या पाण्याने धुवा.

आणि प्रत्येक झाकणावर तारखेसोबत घाणीचा आकडा लिहा, पहिली, दुसरी, तिसरी. एका घाणीतली बाटली बिघडली तर त्या घाणीतल्या बाकीच्या लगेच शोधून बाजूला काढता येतात.